बहुउपयोगी व्हॅक्यूम क्लीनर : रचना, वैशिष्ट्ये आणि भारतीय घराच्या संदर्भात चिकित्सा

गोषवारा

घरगुती स्वच्छतेच्या साधनांमध्ये गेल्या दोन दशकांत मोठा बदल झाला आहे. जमिनीवरून ओढत न्यावयाच्या जड यंत्राची जागा हातात धरता येणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या, कोरडी व ओली अशी दोन्ही प्रकारची सफाई करणाऱ्या यंत्राने घेतली आहे. अशा उच्च किमतीच्या यंत्राचे प्रतिनिधिक उदाहरण म्हणून डायसन कंपनीच्या 'व्ही १५ डिटेक्ट' (२०२१) आणि 'व्ही १५ एस डिटेक्ट सबमरीन' (२०२३) या प्रतिमानांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे. यंत्राच्या प्रत्येक भागामागील वैज्ञानिक तत्त्व स्पष्ट करणे, जाहिरातीतील आकड्यांचा अर्थ उलगडणे आणि भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील घराच्या गरजांशी ते ताडून पाहणे, असे या लेखाचे स्वरूप आहे.

बीजशब्द : व्हॅक्यूम क्लीनर, सायक्लॉन, एअर वॉट, हेपा फिल्टर, गृहश्रम, घरेलू कामगार.

प्रस्तावना

स्वच्छता हा भारतीय गृहजीवनाचा नित्याचा भाग आहे. सकाळी केर काढणे आणि त्यानंतर फरशी पुसणे हा क्रम महाराष्ट्रातील बहुतेक घरांत आजही पाळला जातो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची प्रथा आहे. जे साधन घरातील अलक्ष्मी बाहेर काढते त्यालाच लक्ष्मीचे रूप मानणारी ही दृष्टी अर्थपूर्ण आहे. मात्र साधनाची पूजा होत असताना ते साधन हातात धरणाऱ्या व्यक्तीच्या श्रमाचा विचार आपल्या समाजात पुरेसा झालेला नाही. कमरेतून वाकून केर काढणारी आणि उकिडवे बसून लादी पुसणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते, मग ती गृहिणी असो वा मोलकरीण.

या पार्श्वभूमीवर नवे यंत्र बाजारात येते तेव्हा त्याच्याविषयी दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. पहिला प्रश्न तांत्रिक स्वरूपाचा आहे : हे यंत्र सांगितलेले काम खरोखर कसे व किती करते? दुसरा सामाजिक आहे : या यंत्रामुळे कोणाचे श्रम कमी होतात आणि कोणाच्या श्वासात जाणारी धूळ कमी होते? पन्नास हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक किमतीच्या यंत्राची निवड करताना केवळ पहिल्या प्रश्नाचे, तेही विक्रेत्याने दिलेले उत्तर पुरेसे नाही.

उद्दिष्टे

१. व्हॅक्यूम क्लीनरच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२. आधुनिक बहुउपयोगी यंत्राच्या रचनेमागील भौतिक तत्त्वे स्पष्ट करणे.
३. जाहिरातीत येणाऱ्या प्रमुख आकड्यांचा अर्थ व मर्यादा समजून घेणे.
४. भारतीय घर व महाविद्यालयीन परिसर यांच्या संदर्भात यंत्राच्या उपयुक्ततेची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. उत्पादकाने जाहीर केलेली माहिती 'दावा' म्हणून घेतली असून शालेय व पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्रांनी तिची शक्य तेथे पडताळणी केली आहे. येथे केलेली गणिते उदाहरणादाखल आहेत, ती प्रयोगशाळेतील मोजमापे नव्हेत.

व्हॅक्यूम क्लीनरचा विकास

इंग्लंडमधील अभियंता ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ साली शोषणाच्या तत्त्वावरील यंत्राचे पेटंट घेतले. तत्पूर्वीची काही यंत्रे हवेच्या झोताने धूळ उडवीत असत. उडवलेली धूळ पुन्हा खाली बसत असल्याने त्यांचा उपयोग मर्यादित होता. धूळ उडविण्याऐवजी ती कापडाच्या गाळणीतून ओढून घ्यावी, ही बूथ यांची कल्पना होती. 'पफिंग बिली' या नावाने ओळखले गेलेले त्यांचे यंत्र एवढे मोठे होते की, ते घोडागाडीवर बसवून रस्त्यावर उभे केले जाई आणि लांब नळ्या खिडकीतून घरात सोडल्या जात. स्वच्छता ही त्या काळी विकत घ्यावयाची वस्तू नसून मागवावयाची सेवा होती.

अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन येथे झाडलोटीचे काम करणाऱ्या जेम्स मरे स्पँगलर यांना दम्याचा त्रास होता. झाडताना उडणाऱ्या धुळीपासून सुटका व्हावी म्हणून त्यांनी पंखा, फिरता ब्रश आणि कापडी पिशवी जोडून हलविता येण्याजोगे यंत्र तयार केले. १९०८ साली त्याचे पेटंट त्यांना मिळाले व पुढे ते विल्यम हूवर यांच्याकडे गेले. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा हा उगम एका सफाई कामगाराच्या श्वासाच्या गरजेतून झाला, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सध्याच्या जाहिरातींत मात्र यंत्र वापरणारी व्यक्ती घराची मालकीण वा मालक असते, कामगार नसतो.

भारतात १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्स या कंपनीने घरोघरी जाऊन प्रात्यक्षिक दाखविण्याची विक्रीपद्धती रुजविली. गळ्यात टाय बांधून गादीतील धूळ काढून दाखविणारा विक्रेता शहरी मध्यमवर्गाच्या स्मरणात आहे. अनेक घरांत घेतलेली ती यंत्रे मात्र कालांतराने माळ्यावर गेली. जड वजन, वायर व नळी यांची गुंतागुंत, मोठा आवाज आणि फरशी पुसण्याचे काम तसेच शिल्लक राहणे, ही त्याची सहज दिसणारी कारणे सांगता येतात. आजच्या बहुउपयोगी यंत्राची रचना या उणिवांना दिलेले उत्तर आहे, या दृष्टीने पाहिल्यास ती अधिक चांगली समजते.

रचना व कार्यतत्त्व

१) मोटर आणि हवेचा प्रवाह

व्हॅक्यूम क्लीनर धूळ प्रत्यक्ष 'ओढत' नाही. आतील पंखा वेगाने फिरून यंत्रातील हवा बाहेर फेकतो, त्यामुळे आतील दाब बाहेरील वातावरणापेक्षा कमी होतो. बाहेरची हवा ही पोकळी भरून काढण्यासाठी तोंडातून आत शिरते आणि जाताना धूळ सोबत नेते. म्हणून धूळ उचलण्यासाठी दोन गोष्टी लागतात : दाबातील फरक आणि हवेचा प्रवाह. या दोहोंचा गुणाकार म्हणजे हवेला मिळालेली उपयुक्त शक्ती होय व ती 'एअर वॉट' या एककात सांगितली जाते. उदाहरणार्थ, दाबातील फरक २०,००० पास्कल असताना सेकंदाला १० लिटर म्हणजे ०.०१ घनमीटर हवा वाहत असेल, तर ती शक्ती २०० एअर वॉट होते.

अनेक कंपन्या केवळ पास्कलमधील आकडा छापतात. हा आकडा बहुधा यंत्राचे तोंड पूर्ण बंद असतानाचा असतो. तोंड बंद असताना दाबाचा फरक सर्वाधिक, परंतु प्रवाह शून्य असतो. त्या क्षणी एक कणही आत जात नाही. याउलट, मोटरचे वॉट म्हणजे विजेचा खप होय, सफाईची क्षमता नव्हे. ग्राहकाने एअर वॉट हा आकडा विचारावा, हे यातून निष्पन्न होते.

'व्ही १५' या यंत्रातील मोटर मिनिटाला सव्वा लाखापर्यंत फेरे घेते आणि कमाल शक्ती सुमारे २३० ते २४० एअर वॉट मिळते, असे उत्पादक सांगतो. जुन्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असत. ते झिजत आणि वेगावर मर्यादा घालत. नव्या मोटरमध्ये ब्रशऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण व स्थायी चुंबक वापरले जातात. वेग वाढल्यामुळे लहान व्यासाच्या पंख्यातूनही पुरेसा दाब निर्माण होतो आणि यंत्र हातात धरण्याइतके लहान करता येते.

२) सायक्लॉन : पिशवीविना विलगीकरण

पिशवी असलेल्या यंत्रात हवा कापडाच्या किंवा कागदाच्या छिद्रांतून बाहेर पडते. धूळ साचली की छिद्रे बुजतात व ओढ कमी होते. जेम्स डायसन यांनी लाकूडकामाच्या कारखान्यांत भुसा वेगळा करण्यासाठी वापरले जाणारे शंकूच्या आकाराचे सायक्लॉन घरगुती यंत्रात आणले. त्यासाठी त्यांनी ५,१२७ नमुने तयार केल्याचे ते सांगतात. त्यांच्या स्वतःच्या कंपनीचे 'डीसी ०१' हे यंत्र १९९३ साली बाजारात आले.

यामागील तत्त्व सोपे आहे. हवा शंकूत गोल फिरते तेव्हा तिच्यातील जड कण भिंतीकडे फेकले जातात व खाली पात्रात पडतात. हलकी हवा मधून वर निघून जाते. हे केंद्रोत्सारी त्वरण वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून मिळते. हवेचा वेग सेकंदाला २० मीटर आणि त्रिज्या २ सेंटिमीटर धरल्यास त्वरण २०,००० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,००० पट होते. त्रिज्या निम्मी केली की त्वरण दुप्पट होते. म्हणूनच एका मोठ्या शंकूऐवजी अनेक लहान शंकू समांतर बसविले जातात. 'व्ही १५'मध्ये असे १४ शंकू आहेत. 

सायक्लॉनची मर्यादाही याच सूत्राच्या आधारे समजते. कण जितका सूक्ष्म, तितके त्याचे वस्तुमान कमी आणि हवेबरोबर वाहून जाण्याची शक्यता अधिक. त्यामुळे सायक्लॉननंतर फिल्टर अनिवार्य ठरतो.

३) हेपा फिल्टर

'हेपा' हा उच्च कार्यक्षमतेचा फिल्टर होय. अमेरिकी व्याख्येनुसार ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण त्याने अडविले पाहिजेत. ०.३ हाच आकडा का, हे समजून घेणे उद्बोधक आहे. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत व तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कण रेणूंच्या धडकांमुळे वेडेवाकडे फिरत तंतूंना चिकटतात. या दोन्हींच्या मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण अडविणे सर्वांत कठीण असते. कठीण परीक्षेत उत्तीर्ण होणारा फिल्टर सोप्या परीक्षेतही उत्तीर्ण होतो, असा त्याचा अर्थ.

परंतु फिल्टर उत्तम असूनही यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल, तर सूक्ष्म धूळ खोलीत परत येते. म्हणून 'हेपा फिल्टर आहे' हे विधान अपुरे आहे. संपूर्ण यंत्र हवाबंद आहे का, हा योग्य प्रश्न होय.

४) संवेदक, प्रकाश आणि पडदा

'व्ही १५'च्या एका ब्रशवर हिरवा लेझर प्रकाश बसविलेला आहे. तो फरशीला जवळजवळ समांतर, अत्यंत लहान कोनात पडतो. तिरप्या उन्हात कवडशातील धूळ उठून दिसते, तेच हे तत्त्व. मानवी डोळा हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असल्याने हिरव्या प्रकाशाची निवड सयुक्तिक आहे.

यंत्राच्या मार्गात एक पिझो संवेदक आहे. कण आदळला की सूक्ष्म कंपन होते व त्याचे विद्युत संकेतात रूपांतर होते. सेकंदाला १५,००० वेळा हे मापन होते, असा दावा आहे. कणांची संख्या वाढली की यंत्र आपोआप शक्ती वाढविते आणि पडद्यावर १०, ६०, १८० व ५०० मायक्रॉनपासून पुढील असे चार गट दिसतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वांत लहान गटच १० मायक्रॉनपासून सुरू होतो. फुफ्फुसात खोलवर जाणारे पीएम २.५ प्रकारचे कण त्याहून लहान असतात. त्यामुळे पडद्यावरील स्तंभ खाली आले म्हणजे फरशीवरील दृश्य व मध्यम धूळ निघाली, एवढेच म्हणता येते. खोलीतील हवा शुद्ध झाली, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

५) बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीमुळे वायरची अडचण दूर झाली, मात्र तिच्यामुळे नव्या मर्यादा आल्या. ६० मिनिटांपर्यंत चालणे आणि २४० एअर वॉट शक्ती हे दोन्ही आकडे एकाच पानावर छापलेले असतात, परंतु ते एकाच वेळी खरे नसतात. बॅटरीची क्षमता ७५ वॉट-तास धरू. मोटरने ६०० वॉट घेतले, तर ती साडेसात मिनिटांत संपेल. तीच बॅटरी ६० मिनिटे पुरवायची, तर सरासरी खप ७५ वॉटच ठेवावा लागेल. म्हणजे दीर्घ वेळ हा कमी शक्तीच्या वापरातील आहे आणि पूर्ण शक्ती काही मिनिटांची आहे. दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी ही मर्यादा अडसर ठरत नाही, मोठ्या सभागृहासाठी ती निश्चितच ठरते. शिवाय बॅटरीची क्षमता वापरागणिक घटते, हा खर्च खरेदीच्या वेळीच हिशेबात धरावा.

६) जोडभाग आणि ओली सफाई

एकाच मोटरला विविध तोंडे जोडता येणे, हा बहुउपयोगितेचा गाभा आहे. गालिच्यासाठी ताठ केसांचा ब्रश, फरशीसाठी मऊ रोलर, फटीसाठी अरुंद नळी, गादी व सोफ्यासाठी लहान मोटर असलेला ब्रश, अशी ही विभागणी असते. लांब केस ब्रशला गुंडाळले जाऊ नयेत म्हणून एका जोडभागात शंकूच्या आकाराचा रोलर वापरला आहे. गुंडाळलेला केस निमुळत्या टोकाकडे सरकत जाऊन सुटतो व आत ओढला जातो. लांब केस असलेल्या भारतीय कुटुंबात ही सोय खरोखर उपयोगी आहे.

'सबमरीन' हा ओल्या सफाईचा जोडभाग या रचनेतील सर्वांत नवा टप्पा होय. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने पाणी ओढणे धोक्याचे असते, कारण पाणी मोटरपर्यंत पोहोचून बिघाड किंवा विजेचा धक्का संभवतो. पारंपरिक ओल्या-कोरड्या यंत्रात त्यासाठी मोठा डबा, पाणी वर येताच प्रवाह रोखणारा तरंगता अडसर आणि मोटर थंड करण्यासाठी स्वतंत्र हवा, अशी योजना असते. 'सबमरीन'मध्ये वेगळा मार्ग पत्करला आहे. येथे पाणी वर ओढलेच जात नाही. हा भाग जोडताच मुख्य शोषण बंद राहते. आठ ठिकाणांहून ओल्या होणाऱ्या फिरत्या मायक्रोफायबर रोलरने फरशी पुसली जाते. एक पट्टी रोलर पिळून काढते व घाण पाणी त्याच भागातील दुसऱ्या टाकीत साठते.

याचा अर्थ असा की, झाडणे व पुसणे ही दोन कामे एका यंत्राने होतात, पण एका फेरीत होत नाहीत. तसेच स्वच्छ पाण्याच्या टाकीची क्षमता ३०० मिलिलिटर असून त्यात ११० चौरस मीटर फरशी पुसता येते, असे उत्पादक म्हणतो. भागाकार केल्यास दर चौरस मीटरला तीन मिलिलिटरहूनही कमी पाणी मिळते. टाइल्सवरील रोजची धूळ व पावलांचे ठसे यासाठी हे पुरेसे आहे. पावसाळ्यातील चिखल, स्वयंपाकघरातील तेलकट थर किंवा खडबडीत शहाबादी फरशी यांसाठी बादली व फडके यांना पर्याय मिळाला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय प्रत्येक वापरानंतर टाकी रिकामी करणे, रोलर धुणे व वाळविणे हे नवे काम निर्माण होते.

भारतीय घराच्या संदर्भात चिकित्सा

अ) आरोग्य : धुळीतील सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट्स, उष्ण व दमट हवेत वाढतात. मुंबई व कोकणातील हवामान त्यांना अनुकूल आहे. ॲलर्जीस मुख्यतः त्यांच्या विष्ठेचे कण कारणीभूत होतात. हे कण १० ते ४० मायक्रॉन आकाराचे असल्याने चांगले यंत्र ते सहज पकडते. जिवंत किडे मात्र गादीच्या तंतूंना घट्ट धरून असतात. चादरी व अभ्रे सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुणे त्यांच्यावर अधिक परिणामकारक ठरते. दम्याच्या रुग्णांसाठी माइट्स कमी करण्याच्या भौतिक व रासायनिक उपायांचा आढावा घेणाऱ्या २००८ मधील कॉक्रेन समीक्षेला अशा उपायांचा स्पष्ट लाभ आढळला नाही. म्हणून 'दम्यावर उपाय' म्हणून महाग यंत्र घेणे शास्त्राधारित नाही. झाडताना उडणारी धूळ टाळणे हा लाभ खरा आहे, पण तो औषधाचा पर्याय नव्हे.

ब) मोजमापांची विश्वासार्हता : युरोपीय संघाने २०१४ पासून व्हॅक्यूम क्लीनरवर ऊर्जा-लेबल सक्तीचे केले. त्यातील चाचणी रिकाम्या धूळपात्राने केली जात असे. प्रत्यक्ष वापरात पात्र भरत जाते, या मुद्द्यावर डायसन कंपनीने दाद मागितली आणि २०१८ साली युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने हे लेबल रद्द ठरविले. या निर्णयाचा लाभ अर्थातच सायक्लॉनच्या उत्पादकाला होता. तरीही त्यातील तत्त्व सार्वत्रिक आहे : चाचणी प्रत्यक्ष वापराच्या स्थितीशी जुळत नसेल, तर आकडा खरा असूनही दिशाभूल करू शकतो. हाच निकष त्या कंपनीच्या स्वतःच्या आकड्यांनाही लावला पाहिजे. त्याच संघाने वायरवर चालणाऱ्या घरगुती यंत्रांच्या वीजखपाची मर्यादा २०१४ साली १,६०० वॉट व २०१७ साली ९०० वॉट केली. अधिक वॉट म्हणजे अधिक सफाई, हा समज त्यामुळे मागे पडण्यास मदत झाली.

क) हवामान व देखभाल : फिल्टर दरमहा धुऊन पूर्ण वाळविल्यानंतरच बसवावा, अशी सूचना असते व त्यासाठी किमान २४ तास सांगितले जातात. जुलै-ऑगस्टमधील दमट हवेत एवढ्या वेळात तो वाळेलच, असे नाही. ओलसर फिल्टर बसविल्यास कुबट वास येतो व प्रवाह घटतो. अशा वेळी जादा फिल्टर बाळगणे श्रेयस्कर. मोठ्या शहरांबाहेर दुरुस्तीची सोय व सुटे भाग मिळतात का, याची चौकशीही आवश्यक आहे.

ड) श्रम : हा या चिकित्सेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. उभ्याने काम करता येणे हा या यंत्राचा निर्विवाद गुण आहे. वाकणे व उकिडवे बसणे टळल्याने कंबर व गुडघ्यांवरील ताण कमी होतो. दुसरीकडे, मोटर, बॅटरी व पात्र हे सर्व हाताच्या मुठीजवळ असल्याने सुमारे ३ किलोग्रॅम वजन मनगटावर येते. जमिनीवर काम करताना काही भार फरशी पेलते, परंतु पंखा किंवा माळा साफ करताना तो सर्व हातावर पडतो.

अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात घरगुती यंत्रांनी गृहिणीचे कष्ट हलके केले, तरी तिचे कामाचे तास कमी केले नाहीत, असे दाखवून दिले. स्वच्छतेचे मानदंड उंचावले आणि पूर्वी इतरांत वाटलेले काम एकटीवर आले. भारतात या विवेचनाला आणखी एक परिमाण आहे. येथे यंत्र विकत घेणारी आणि फरशी झाडणारी व्यक्ती अनेकदा वेगवेगळ्या असतात. अनेक घरांत महागडे यंत्र मोलकरणीच्या हाती देण्यास मालक कचरतात. परिणामी यंत्र सणावारी घरातील माणसे वापरतात आणि रोजचा केर झाडूनेच निघतो. अशा घरात यंत्र आले तरी रोजची धूळ त्याच फुफ्फुसात जात राहते.

महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम करून या कामाला कायद्याच्या चौकटीत स्थान दिले. कामगाराला सुरक्षित साधन मिळणे हा त्याच दिशेचा पुढचा विचार होय. यंत्र घेतले, तर ते वापरण्याचे प्रशिक्षण व मुभा काम करणाऱ्या व्यक्तीला द्यावी आणि काम हलके झाले म्हणून वेतन कमी करू नये, ही किमान नैतिक अपेक्षा आहे.

इ) महाविद्यालयीन परिसर : ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांवरील धूळ झटकल्याने ती शेजारच्या कपाटात जाते. मऊ ब्रश, कमी शक्ती व हेपा फिल्टर असलेले यंत्र येथे उपयुक्त आहे. सुटी पाने ओढली जाऊ नयेत म्हणून तोंडावर बारीक जाळी लावावी. प्रयोगशाळेत मात्र विशेष दक्षता हवी. फुटलेल्या तापमापीतील पारा घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने कदापि उचलू नये, कारण गरम हवेबरोबर पाऱ्याची वाफ खोलीत पसरते. ज्वलनशील द्रव, धगधगती राख व छपाईयंत्रातील टोनरची भुकटी यांसाठीही हे यंत्र नाही. ही माहिती परिचर व सफाई कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी विभागप्रमुखांची आहे.

निष्कर्ष

१. आधुनिक बहुउपयोगी व्हॅक्यूम क्लीनर हा वेगवान मोटर, सायक्लॉन, हेपा फिल्टर, संवेदक व बॅटरी यांचा विचारपूर्वक साधलेला मेळ आहे. यातील बहुतेक तत्त्वे जुनी असून त्यांची लहान आकारातील जुळणी नवी आहे.
२. पास्कल, मोटरचे वॉट आणि कमाल मिनिटे हे आकडे सुटे वाचल्यास दिशाभूल होते. एअर वॉट, त्या शक्तीवर मिळणारा वेळ आणि संपूर्ण यंत्राची हवाबंदी यांचा एकत्रित विचार करावा.
३. ओल्या सफाईचा जोडभाग भारतीय गरजेच्या जवळ जाणारा असला, तरी तो बादली-फडक्याची पूर्ण जागा घेत नाही.
४. पडद्यावरील कणांची संख्या हवेच्या शुद्धतेचे मापन नव्हे. तसेच दम्यावरील उपाय म्हणून यंत्राकडे पाहणे योग्य नाही.
५. गालिचा नसलेल्या, लहान व फरशीच्या घरात लांब दांड्याचा झाडू, ओले फडके व लांब दांड्याचा पोछा यांनी कमरेचा ताण व उडणारी धूळ बऱ्याच अंशी कमी होते. जेथे गाद्या, सोफे, पाळीव प्राणी, पुस्तके वा गालिचे अधिक आहेत, तेथे यंत्राची किंमत वसूल होण्याची शक्यता वाढते.

समारोप

यंत्राची श्रेष्ठता त्याच्या किमतीवरून किंवा पडद्यावरील रंगीत स्तंभांवरून ठरत नाही. घरातील धूळ कोठून येते, फरशी कोणती आहे आणि रोजची सफाई कोणाच्या हातून होते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच निवड करणे इष्ट होय. स्पँगलर यांनी आपला श्वास वाचविण्यासाठी यंत्र बनविले. आजचे यंत्र रोज झाडणाऱ्या हातात पोहोचले, तरच त्या मूळ हेतूची पूर्तता होईल. गृहव्यवस्थापन, भौतिकशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी अशा नित्याच्या साधनांचा एकत्रितपणे अभ्यास केल्यास विद्यार्थ्यांना शास्त्र व जीवन यांचा संबंध अधिक स्पष्टपणे उमगेल.